गरमी जाती कुठं?

दरवर्षी मृग निघाला की माझ्या दुकानात भांडणं सुरू होतात. एप्रिलात ज्यांनी ‘दादा, आजच्या आज द्या, लेकरं तळमळायलेत’ म्हणून कुलर उचलून नेलेला असतो, तेच लोक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तावातावानं येतात. ‘गार हवाच फेकंना तुमचा कुलर. नुसता चिकचिकाट.’ मी मुकाट्यानं जातो, गवत बदलतो, पंपाची जाळी झटकतो, पाणी वर चढतंय का बघतो. सगळं ठीक असतं. बिघाड हवेत असतो. पण गिऱ्हाइकाला ‘हवा बिघडली’ असं सांगितलं तर ते पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या दुकानात जातं.

परभणीत २६ वर्षं हा धंदा करतोय. पत्रा कापायचा, वाकवायचा, तीन बाजूंच्या जाळीत गवत भरायचं, खाली टाकी, टाकीत मुठीएवढा पंप, समोर पंखा. त्याआधी फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं होतं. त्याचा उपयोग काय झाला, असं सासरवाडीत अजून विचारतात. उपयोग एवढाच झाला की कुलर का चालतो आणि कधी चालत नाही ते मला कळतं. ते कळण्याच्या नादात मी भलतीकडंच जाऊन पोचलो, ती गोष्ट वेगळी. तीच सांगायला बसलोय.

आधी कुलरचं. पाण्याला उडून जायला उष्णता लागते आणि ती ते आजूबाजूच्या हवेतून ओढून घेतं. एक लिटर पाणी हवेत विरून जाताना साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातं; तेवढ्यात माठातलं सातेक लिटर पाणी उकळीला येईल. एप्रिलात आमची हवा ४२ अंशांची आणि कोरडी खडंग, आर्द्रता जेमतेम १५ टक्के. ओल्या गवतातून ओढली की ती २६-२७ वर येते. जूनमध्ये पारा ३३ वर उतरतो खरा, पण आर्द्रता ७० टक्के. पोट भरलेल्या हवेला आणखी पाणी पाजणार कसं? एप्रिलात १५-१६ अंश खाली ओढणारं तेच यंत्र ३३ चे ३० करताना दमून जातं.

हे पुस्तकात शिकलो कॉलेजात, पण पाहिलं त्याच्या कितीतरी आधी, आबांच्या माठापाशी. आबा म्हणजे माझे आजोबा. गाव जिंतूर रस्त्यावर. ओसरीच्या कोपऱ्यात तिवईवर माठ असायचा. नवा माठ आणला की पहिले दोन दिवस आबा त्यातलं पाणी कुणाला पिऊ देत नसत. भरायचे आणि ओतून द्यायचे. माठ बाहेरून आधी कोरडाठाक दिसायचा. मग बुडाशी एक काळपट ओला डाग उमटायचा, आणि दुपार चढेल तसा तो पोटावरून गळ्याकडं सरकायचा. आबा त्या डागावर तळहात टेकवून डोळे मिटायचे, जसं एखाद्या लेकराचा ताप बघावा. ‘पाझरायलाय,’ म्हणायचे. म्हणजे माठ पास. जो पाझरायचा नाही त्यात आजी हरभऱ्याची डाळ भरून ठेवायची.

नववीत असताना मी शाळेतून नवंच शिकून आलो होतो, की उष्णता नष्ट होत नाही, फक्त इकडून तिकडं जाते. आबांना ऐकवलं. त्यांचा हात माठावरच होता.

‘पाण्यातली गरमी हवेत गेली. बरं. हवेतली मंग जाती कुठं?’

‘वर.’

‘आन् वरची?’

‘अजून वर.’

‘आन् तिथून?’

मी गप्प बसलो. आबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून हप्त्याहप्त्यानं फेडतोय.

एक हप्ता शेजारच्या एसीनं फेडला. दीड टनाचा एसी त्यांनी बसवला. टन म्हणजे यंत्राचं वजन असं पुष्कळांना वाटतं. ते बर्फाच्या जमान्यातलं माप आहे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उपसायची ताकद म्हणजे एक टन. दीड टनाचं यंत्र खोलीतून सव्वापाच किलोवॉट उपसतं, स्वतः दीडेक किलोवॉट वीज खातं आणि दोन्हींची बेरीज बाहेरच्या डब्यातून फेकतं. तो डबा आमच्या अंगणाकडं तोंड करून लागला. आठ दिवसांत तुळस करपली. बायको म्हणाली, बोला त्यांना. बोललो. ते म्हणाले, ‘तुमचा कुलरचा धंदा बसायलाय म्हणून तुम्ही बोलायलात.’ त्यात थोडं तथ्यही होतं.

पण गार करणं म्हणजे काय, हे मला त्या करपलेल्या तुळशीनं शिकवलं. उष्णता कुणी मारत नाही, दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. माठ तेच करतो, आपलं अंगही तेच करतं. नुसता बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता टाकत असतो. मे महिन्यातल्या लग्नात मंडपात ५०० वऱ्हाडी असतील तर तिथं ५० किलोवॉटची शेगडी पेटलेली आहे असं समजा, आणि वर आपण आचाऱ्याला दोष देतो.

दुसरा हप्ता माळवदावरचा.

आमचं जुनं घर माळवदाचं. जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर, त्यावर पांढरी माती. दिवसभराचं ऊन तो थर सावकाश पीत बसतो आणि खालच्या खोलीपर्यंत ती ऊब उतरेतो रात्र होते. म्हणून दिवसा घरात गार आणि रात्री घरात जीव घुसमटतो. दिवेलागणीला आम्ही वर पाणी शिंपायचो. माती चर्र करायची, वास सुटायचा, आणि मग बाजा वर चढायच्या. आबांच्या बाजेवर पायाशी घडी घातलेली वाकळ असायची. चैत्रात वाकळ! आम्ही पोरं खिदळायचो. ‘पहाटं लागती,’ एवढंच म्हणायचे.

आणि लागायची. हवा २४ अंशांवर असते तेव्हा माळवदाची माती हवेपेक्षाही गार झालेली असते. असं कसं, हे मला फार उशिरा उमगलं. ऊबदार वस्तू म्हणजे दिवाच असतो, फक्त तिचा उजेड अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि ढग त्यातला बराचसा उजेड अडवून आपल्याकडं परत पाठवतात. पण ८ ते १३ मायक्रॉन या लांबीच्या लहरींना कोरडी हवा अडवत नाही. ही एक खिडकी उघडी राहते. मराठवाड्याच्या निरभ्र, कोरड्या रात्री ती सताड उघडी असते. माळवदाची ऊब त्या खिडकीतून निघते आणि वाटेत न थांबता अवकाशात जाते. ढग आले की खिडकी बंद. ढगाळ रात्री जास्त उकडतं ते त्यामुळं. हिवाळ्यात परभणीचा पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली जातो आणि पेपरवाले आमचे फोटो छापतात, त्यातही या खिडकीचा मोठा हात आहे.

या खिडकीवर पूर्वी लोकांनी बर्फ पिकवला आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजानं १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला ते कळवलं होतं. अलाहाबादकडं थंडीच्या दिवसांत उघड्या रानात दोन फूट खोल खड्डे करायचे, त्यात उसाची नाहीतर मक्याची वाळलेली ताटं अंथरायची, वर मातीची उथळ, पाझरणारी भांडी ठेवून संध्याकाळी पाणी भरायचं. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असला की पहाटे भांड्यांत बर्फ धरलेला असायचा, हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही. थोडी उष्णता माठाच्या वाटेनं गेली, थोडी माळवदाच्या. आबांना हे ऐकवायला हवं होतं.

तर वरची गरमी अवकाशात जाते. सूर्याकडून पृथ्वीला जेवढी मिळते जवळपास तेवढीच ती रात्रंदिवस परत टाकत असते. ‘जवळपास’ म्हणालो, कारण जे थोडं मागं राहतंय त्याच्यावर माझा धंदा वाढलाय आणि भावाच्या मोसंबीच्या बागेची वाट लागलीय.

‘आन् तिथून?’

तिथं काय आहे ते चुकून सापडलं. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होमडेल इथं आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे दोघं बेल लॅब्जचा एक भला मोठा, कर्ण्याच्या आकाराचा अँटेना घेऊन बसले होते. त्यात एक खरखर होती. कर्णा कुठंही वळवा, दिवस असो रात्र असो, तेवढीच. कर्ण्यात कबुतरांनी संसार मांडला होता. कबुतरं हाकलली, विष्ठा खरवडून काढली. पत्र्याचं काम करणाऱ्याला हा प्रसंग फार जवळचा वाटतो. खरखर गेली नाही. निरपेक्ष शून्य म्हणजे ज्याहून गार काही असूच शकत नाही ते, उणे २७३.१५ अंश सेल्सिअस. त्याच्या साडेतीन अंश वर एखादी वस्तू असावी, तेवढी ऊब सगळ्या आकाशातून येत होती; तीच ही खरखर. पुढं नेमका आकडा ठरला २.७२५ अंश. १९७८ साली दोघांना नोबेल मिळालं.

जुन्या टीव्हीवर स्टेशन नसलं की मुंग्या यायच्या ना, त्यातली शंभरातली एखादी मुंगी ही. आबा दूरदर्शन बंद झाल्यावरही त्या मुंग्यांकडं बघत बसायचे आणि आम्ही हसायचो. म्हातारा विश्वाचा जन्म बघत बसला होता, आम्हाला काय ठाऊक!

कारण ती ऊब जन्माच्या वेळची आहे. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं. पहिली ३ लाख ८० हजार वर्षं सगळीकडं तापलेलं धुकं होतं. इलेक्ट्रॉन सुटे धावत होते आणि उजेड त्यांना धडकून तिथल्या तिथं भेलकांडत होता. मग विश्व ताणत गेलं, निवत गेलं. ३००० अंशांवर आल्यावर इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांपाशी जाऊन बसले, धुकं फिटलं आणि अडकलेला उजेड सुटला. ३००० अंश म्हणजे साधारण जुन्या पिवळ्या बल्बची तार. लांबचं बघणं म्हणजे जुनं बघणं, म्हणून कुठल्याही दिशेला नजर पुरेशी लांब गेली तर ती शेवटी त्या पेटलेल्या भिंतीला जाऊन टेकते. मग रात्रीचं आकाश पिवळंजर्द का दिसत नाही? कारण तो उजेड निघाल्यापासून विश्व साधारण ११०० पट ताणलं गेलंय. उजेडाची लहर तेवढीच ताणली गेली. ३००० भागिले ११००. उत्तर २.७ येतं. हा भागाकार मी अजूनही बिलबुकाच्या मागं अधूनमधून करून बघतो.

त्या उजेडाचे कण आजही दर घन सेंटीमीटरला ४०० च्या आसपास आहेत. ओंजळ धरली तर कुठल्याही क्षणी तिच्यात ऐंशीएक हजार भरतात.

आता आबांचा प्रश्न खरा अडचणीचा होतो. ३००० अंशांची २.७ झाली, तर मधली गरमी गेली कुठं? सायकलच्या ट्यूबची हवा सोडली की ती बोटाला गार लागते, कारण सुटणारी हवा बाहेरच्या हवेला ढकलते आणि त्या ढकलण्यात तिची ऊब खर्ची पडते. विश्व कुणाला ढकलणार? त्याला अंगण नाही, शेजारी नाही, करपायला तुळस नाही. मी बरीच वर्षं समजत होतो की याचं उत्तर कुठंतरी जाड पुस्तकात असेल. उत्तर निघालं ते असं, की ती कुठंच गेली नाही आणि ती आता नाहीही. एमी नोएथर या जर्मन गणितीबाईंनी १९१८ साली दाखवून दिलं की ऊर्जेची खातेवही जुळते ती निसर्गाचे नियम काल आणि आज सारखेच चालतात म्हणून. पण ताणल्या जाणाऱ्या विश्वात खुद्द अवकाशच कालच्यासारखं आज राहत नाही. त्यामुळं अख्ख्या विश्वासाठी जमाखर्च जुळलाच पाहिजे अशी वहीच मांडता येत नाही. नववीत शिकलेलं वाक्य माठाला लागू, एसीला लागू, माळवदाला लागू, आणि सगळ्यात मोठ्या भांड्याला तेवढं लागू नाही. व्यापारी माणूस म्हणून मला हे पचायला जड गेलं. हिशेब लागत नसेल तर आमच्याकडं मुनीम बदलतात.

आबांनी हे ऐकून पुढचा प्रश्न कोणता विचारला असता ते मी सांगू शकतो. ‘मग त्याचा धुरा कुठंय?’ धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आबांचा जीव. हातभर धुऱ्यासाठी त्यांनी भावकीशी ११ वर्षं कोर्ट खेळलं, आणि निकाल लागला तेव्हा धुऱ्यावरची बाभळसुद्धा वाळून गेली होती.

धुरा म्हणावा असं काही सापडलेलं नाही. आपल्याला दिसू शकतं त्या विश्वाची हद्द आजच्या घडीला सगळीकडून साधारण ४६०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. पण ती हद्द शेताची नव्हे, नजरेची. माळवदावरून दिसणारं क्षितिज गावाच्या शिवेवर थोडंच असतं! चालत गेलो की तेही चालतं. त्या पेटलेल्या भिंतीच्या जागी आज बहुधा आपल्यासारख्याच आकाशगंगा आहेत. तिथं कुणी बाज टाकून पडलं असेल आणि इकडं बघत असेल, तर त्याला परभणी दिसणार नाही; ३००० अंशांचं पिवळं धुकं दिसेल. त्याच्या जगाचा धुरा म्हणजे आपण.

या भिंतीपलीकडचं उजेडानं दिसत नाही. गुरुत्वीय लहरींना, म्हणजे खुद्द अवकाशाला बसणाऱ्या हेलकाव्यांना, मात्र ते धुकं अडवत नाही. आणि त्या लहरी टिपणारं लायगो हे यंत्र आमच्याच भागात, औंढा नागनाथच्या शिवारात उभं राहायचंय. २०२३ साली केंद्रानं त्याला २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तर तो ओळखायचा. अमेरिकेतल्या दोन जुळ्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली, १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची. विश्वाच्या पहिल्या क्षणांची थरथर ऐकण्याइतके या यंत्रांचे कान तयार नाहीत, त्याला आणखी वेगळी यंत्रं लागतील. या यंत्रांची मोठी डोकेदुखी म्हणजे पुन्हा उष्णताच. आरशातले अणू ऊबेनं थरथरत असतात आणि ती थरथर लहरीत मिसळते. औंढ्याला दर्शनाला जातो तेव्हा देवळाच्या काळ्या दगडाला मी हात लावून बघतो. हा सगळा दख्खनचा कातळ ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता. आता चैत्रातही गाभाऱ्याची भिंत गार लागते.

विश्वाच्या शेवटाबद्दल म्हणाल तर केल्व्हिन या शास्त्रज्ञानं १८५२ मध्येच लिहून ठेवलं होतं की कामाला येणारी ऊर्जा सतत पांगत चालली आहे. त्याला पुढं विश्वाचा उष्णमृत्यू म्हणू लागले. नाव ऐकून लोकांना वाटतं सगळं जळून जाणार, किंवा उलट गोठणार. मला विचाराल तर तो जून महिना आहे. ऊब तिथंही असते. पण हवा आणि गवत सारखेच ओले, म्हणून घेणाऱ्याला घ्यायला जागा नाही आणि देणाऱ्याला द्यायला ठिकाण नाही. पंखा फिरतो, पंप चालतो, गार काही होत नाही. माझ्या दुकानाचा उष्णमृत्यू दर मृगाला येतो आणि दिवाळीनंतर कोरडी हवा सुटली की टळतो. विश्वाला दिवाळी नाही. १९९८ मध्ये कळलं की त्याचं ताणणं वाढत्या वेगानं चाललंय. साधारण १६०० ते १७०० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडं जे आहे तिथं आज निघालेला आपला उजेड कधीच पोचणार नाही. धुरा नाही म्हणालो खरं, पण परतीची वाट बंद होते अशी जागा मात्र आहे.

मागच्या चैत्रात जत्रेला गावी गेलो होतो. रात्री दहाला लाइट गेली. चुलतभावाच्या स्लॅबच्या घरात माझाच कुलर आहे, तो गप्प झाला. पोरं मोबाइलच्या उजेडात पंखे शोधायला लागली. मी जुन्या घराच्या शिडीनं माळवदावर गेलो. एक कोपरा अजून धड आहे. बादलीभर पाणी शिंपलं, चर्र झालं. बाज नव्हती म्हणून चटई टाकली. वर एकही ढग नव्हता.

काकू खालून ओरडल्या, ‘वर वाकळ देऊ का रं?’

‘कशाला काकू, एवढ्या गरमीत!’

तरी त्यांनी शिडीवरून वर फेकलीच. मी ती पायाशी घडी करून ठेवली. मध्यरात्री माती कोमट होती. दोनला हात लावला तर काहीच जाणवलं नाही, माती आणि तळहात सारखेच. चारच्या सुमाराला जाग आली ती गुडघे पोटाशी घेतलेले होते म्हणून. हात लांब करून वाकळ ओढली आणि डोक्यावरून घेतली.